जीन कोणी कसलं?

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक पंक्चर काढायला येतं आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. माझ्याकडे एक जुना डबा होता, त्यात गंजके नटबोल्ट साठायचे. कामाचा एक नाही, पण फेकवतही नाही! किस्स्यांचंही तसंच. आता दुकान पोरगा बघतो. डबा त्यानं भंगारात दिला, किस्से तेवढे माझ्याकडे राहिले. त्यातले निम्मे एकट्या यादोराव पाटलांचे.

आंबागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात माझं दुकान. समोरच पाटलांचं अंगण, मध्ये कमरेएवढी भिंत. सत्तरच्या दशकाची अखेर होती, गावात टीव्ही आला नव्हता. आम्हाला त्याची गरजही नव्हती. भिंत होती ना!

*

पाटलांच्या पोरीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मोहाडीकडचे व्याही नामदेवराव नव्या कोऱ्या फटफटीवर आले. झालं! सगळं गाव फटफटीभोवती. पाटील नवीन फेटा बांधून दारात उभे, त्यांच्याकडे बघायला कुत्रं नाही.

जेवणाच्या पंगतीत पाटलांना राहवलं नाही. "फटफटी त कोनीबी चालवते जी! आमचा जावई आमच्या घोड्यावर मिरवन. अन् त्या घोड्यावर जीन मी सोता कसीन!"

नामदेवराव शांतपणे भात कालवत म्हणाले, "पाहाले येतो मंग लगनाच्या आधी. अन् तुमी सोता नाही कसलं त?"

"त तुमी म्हनान ते!"

"मंग वरातीत माह्या फटफटीवर मागं बसा. साऱ्या गावातून!"

पंगत हसली. पाटीलही हसले, पण त्यांच्या हातातला लाडू तसाच राहिला. त्या काळात पाटलानं दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसायचं म्हणजे भर चौकात फेटा उतरवण्यासारखंच होतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा पाटलांकडे घोडाच नव्हता!

*

घोडा नव्हता, पण जीन होतं. आजोबांचं. उंदरांनी एक बाजू खाल्लेली. पाटलांनी ते ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि रोज सकाळी त्यावर बसून सराव सुरू केला. पाठ ताठ, मिशीवर हात, तोंडानं "चल बेटा!"

मी एकदा विचारलं, "पाटील, कुठवर पोहोचले?"

"तुमसर आलंच समज!"

खरं सांगतो, घोडा येईपर्यंत पाटील फार छान घोड्यावर बसत.

*

मग घोडा आला. तांबडा, कोवळा, पाठीला कशाचाही स्पर्श न झालेला. नाव ठेवलं नवाब. जीन नुसतं दिसलं तरी तो अंगण फिरून यायचा.

पाटलांनी लटारूला बोलावलं. लटारू म्हणजे पटाच्या शर्यतीत बैल पळवणारा गडी. कसलाही अडेल बैल असो, लटारू मागे जाऊन शेपूट पिळायचा की बैल निघालाच. "जनावर ते जनावर! याले काय शिंगं हायेत का भ्यायले?" असं म्हणून तो नवाबच्या मागे गेला आणि त्यानं शेपूट पिळलं.

घोड्याचं शेपूट!

पुढच्या क्षणी लटारू तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात. आम्ही भिंतीवरून उड्या टाकून गेलो, त्याला बाहेर ओढलं. डोक्यात तणस, तोंडात तणस. बरगडी चाचपत तो म्हणाला, "पाटील, याचं पायडल मागं हाये!"

*

त्यानंतर सुभेदार आले. फौजेतून सुटून आलेले, मिशा पाटलांपेक्षा मोठ्या. "हम रिसाले में थे! ऐसे कई घोडे सीधे किये!" मोहाडीहून व्याही कधीही टपकतील, त्यामुळे पाटील घायकुतीला आलेले. सुभेदारांना ओसरीत बाज मिळाली, रोज कोंबडीचा रस्सा मिळाला. सकाळ-संध्याकाळ ते लांबून नवाबला "सावधान!" म्हणायचे. नवाब कान टवकारायचा. "देखा? समझता है!"

शेवटी एका सकाळी पाटलांनी जीनच हातात दिलं. सुभेदार पुढे सरकले. नवाबनं फक्त मान वर केली, काहीच केलं नाही बिचाऱ्यानं. सुभेदार मात्र आंब्याच्या झाडावर!

पाटील खालून ओरडले, "रिसाल्यात काय करत होते जी तुमी?"

वरून बारीक आवाज आला, "रोट्या!"

*

या सगळ्या गडबडीत एक माणूस काहीच बोलत नव्हतं. पाटलीनबाई, सगुणाबाई. दिवस कलला की ती पितळी गंजात भाताची पेज घेऊन यायची, बांगड्या वाजायच्या आणि नवाब मान खाली घालून चालत यायचा. तो पेज प्यायचा तेव्हा ती त्याच्या पाठीवर आपलं जुनं हिरवं लुगडं टाकायची. मग लुगड्यावर गोधडी आली. "घे रे बाबा, घे. कायले भेतं?" असं पुटपुटत एका संध्याकाळी तिनं जीन ठेवलं, पोटाखालून पट्टा ओढला. नवाब पेज पितच राहिला.

आम्ही भिंतीपलीकडून टायर हातात घेऊन बघत होतो. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटील दुकानात. "काल घोड्यानं जीन घेतलं! शेवटी माहाच हात ओळखला त्यानं."

लटारू बरगडीला शेक देत बसला होता. तो म्हणाला, "पाटील, तुमी जीन कसता तवा बांगड्या काहून वाजतेत जी?"

"घुंगरू बांधले हायेत त्याले!" पाटील म्हणाले, आणि खरोखरच संध्याकाळी बाजारातून घुंगरू घेऊन आले.

*

आणि मग तो दिवस. आदल्या दिवशीच व्याही उद्या येतात असा निरोप आला होता. पाटलांनी बायकोला पहाटेच्या गाडीनं कारध्याला, माहेरी धाडून दिलं. "घोड्यापाशी बाई दिसली त इवाई काय म्हनन?" एवढंच कारण! स्वयंपाकाला पोरगी होतीच. मला या माणसाचा त्या दिवशी खरंच राग आला होता.

सकाळपासून पाटील जीन घेऊन नवाबच्या मागे. नवाबनं एकदा फेटा ओढला, एकदा धोतर. घुंगरू वाजवून झाले. पेज दाखवून झाली. नवाब पाटलांच्या मागच्या दाराकडेच बघायचा. ऊन चढलं. पाटील घरात गेले, दार लावून घेतलं.

दार उघडलं तेव्हा बाहेर पाटलीनबाई आली! तेच हिरवं लुगडं, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. बांगड्या हातात जाईनात म्हणून सुतळीत ओवून मनगटाला बांधलेल्या. फक्त खाली धिप्पाड पाय आणि त्यात पाटलांच्या करकरीत वहाणा.

"घे रे बाबा, घे..." आवाज बारीक काढला, तो मध्येच फाटला. लटारूनं हसू दाबायला माझा हवा भरायचा पंपच दातात धरला.

नवाब आला. पेजेत तोंड घातलं. पाटलांनी जीन ठेवलं, पट्टा ओढला, बक्कल लावलं. स्वतःच्या हातानं! पैज जिंकली होती माणसानं!

आणि तेवढ्यात फटफट, फटफट... नामदेवराव फाटकात.

पाटलांना पळायलाही जागा नव्हती, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पदर. नामदेवरावांनी चपला काढल्या, रीतीप्रमाणे नजर खाली घातली. नजर खाली घातल्यामुळे ती नेमकी त्या वहाणांवर गेली. जरा वेळ ते तिथंच बघत राहिले.

"रामराम, इहीनबाई. पाटील हायेत का घरी?"

पदराआडून आवाज आला, "नाही जी. भंडाऱ्याले गेले."

"असं, असं." नामदेवराव घोड्याभोवती फिरले. जीन हलवून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला. "मस्त कसलं हो! पर पाटील त म्हनत होते मी सोता कसीन. हे त तुमी कसलं."

पदर आणखी खाली ओढला गेला.

"मंग त्याइले सांगा, पैज हारले. वरातीत फटफटीवर मागं बसा लागते. सांगान ना, इहीनबाई?"

आम्ही भिंतीला चिकटून उभे. नवाब मजेत उरलेली पेज चाटत होता.

पदर जरासा हलला.

"सांगीन जी."