एका घरातल्या दोन चुली आणि माझी पर्ल फाइल

पोरांनो, आजी अजून पर्ल या जुन्या संगणक-भाषेतच प्रोग्रॅम का लिहिते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या संगणक विभागात मी तीच शिकले. या वयात नवी भाषा नव्या चपलेसारखी चावते.

निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा तलावावर रोज तंटा चाले: आज जाळं टाकायचा नंबर कोणाचा? तंटा मला चालतो, अव्यवस्था चालत नाही. मी मच्छीमार सोसायटीला एक फाइल लिहून दिली. रोज चालवली की ती उद्याचा नंबर काढायची, त्या सभासदाला मेसेज धाडायची आणि यादीत एक घर पुढे सरकायची. अध्यक्षभाऊ खूश.

उन्हाळ्याच्या तोंडावर मागच्या आळीतली एक जण दारात उभी राहिली. नवरा सूरजागडकडे मजुरीला, म्हणून जाळं तीच टाकते.

"बाई, साऱ्यायचे दोन-दोन नंबर झाले. माहा एकबी नाई. तलाव आटून राह्यला. तुमच्या मशिनीले मी दिसत नाई काय?"

सोसायटीच्या सभासद-यादीत तिचं नाव होतं. म्हणजे नंबर काढणारा तुकडाच चुकत होता. तेवढाच तपासायला मी वेगळी छोटी फाइल लिहिली. ती मूळ फाइल आत घेई आणि प्रश्न विचारी. दुपारभर मी ती पुन्हा पुन्हा चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या बांधावर अकरा जाळी!

"बाई, आज जत्रा हाय काय?" अध्यक्षभाऊंनी विचारलं.

माझ्या मूळ फाइलची शेवटची ओळ होती, काम सुरू कर. मी तिला आत घेतलं की ती सगळंच काम उरकी: मेसेज धाडी, पुढे सरके. अकरा वेळा तपासलं, अकरा जणांना आवतण. ती मागच्या आळीतली मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "एवढ्यायले मेसेज गेला, तरी मले नाईच!"

घरी येऊन शेवटची ओळ बदलली:

main() unless caller;

म्हणजे, कोणी बोलावलं नसेल तरच काम सुरू कर. थेट चालवली तर पूर्ण काम. दुसऱ्या फाइलनं आत घेतली, तर विचारेल तेवढंच सांगायचं. लग्नघरी वरण चाखायला बोलावलेल्या बाईनं पंगत बसवायला घेऊ नये, तसं. त्याखाली एकटा 1 लिहिला, कारण आत आलेल्या फाइलनं शेवटी होकार दिला नाही, तर पर्ल रुसते.

आता निवांत विचारता आलं. तिच्या घर क्रमांकावर एकच नाव निघालं, तिच्या थोरल्या जावेचं. मी यादी घर क्रमांकानं लावली होती. थोरलीचं नाव नंतर येई, धाकटीच्या नावावर बसे, आणि धाकटी गायब.

"एका घरात दोन सभासद कशा?" मी तिला विचारलं.

"घर एक हाय बाई, चुली दोन. नंबर चुलीचा रायते. घराचा कुठी रायते काय?"

साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी इंग्रजीत 'हाउस' लिहून मोकळी झाले होते.

मग आधी तपासणीच लिहिली: एका घरात दोन चुली, दोन्ही सापडल्या पाहिजेत. 'नॉट ओके' आलं. यादी चुलीप्रमाणे लावली. 'ओके'. गावात एकही फोन वाजला नाही. अध्यक्षभाऊंनी तिचा नंबर सगळ्यांच्या आधी घ्यायला सांगितलं, तेव्हा मूळ फाइल एकदाच चालवली.

थोड्या वेळात ती फोन धरून आली. "खरा हाय का हा?"

"खरा."

"आनखी कोनाकोनाले गेला?"

"फक्त तुला."

"मंग थांबा, थोरलीले दाखवून येतो."

सकाळी ती गुडघाभर पाण्यात एकटीच जाळं घेऊन उतरली. थोरली जाऊ काठावर टोपली धरून ओरडत होती, "अवं, जरा आत जाऊन टाक नं! इथी काय बेंडक्या धरतं?"