बाहेर बघायचं राहिलं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरात, कॅम्प तीनच्या बाजारात होते. "सुजाता, हे उठत नाहीयेत गं... विमान चालूच आहे अन् हे खुर्चीत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. रिक्षाने अंबरनाथला पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. कॉम्प्युटरवरचं दादाचं विमान मात्र आपोआप, सरळ उडत होतं. ते बंद करायची हिंमत आमच्यापैकी कोणालाही होईना.

माझा दादा कारखान्यात फिटर, आणि लहानपणापासून विमानवेडा. पायलट होणं आमच्या घरच्या ऐपतीत बसणारं नव्हतं. म्हणून रिटायर झाल्यावर त्याने मागच्या खोलीत स्वतःचं कॉकपिट उभारलं. समोर स्क्रीन, हातात दांडा, पायाखाली जुन्या शिलाई मशीनचं पॅडल. चहा द्यायला गेलं तर म्हणे, "थांब, लँडिंग आहे!" आम्ही त्याला भरपूर पिडलं. "दादा, जाता जाता बदलापूरला सोडतोस का?" त्याला ते ऐकूही जायचं नाही, इतका तो गुंतलेला असायचा.

मग वहिनीनेच त्याला खऱ्या विमानात बसवायचं ठरवलं. एका फ्लाइंग क्लबचं छोटंसं विमान, शेजारी शिकवणारा तरुण, मागच्या सीटवर मी. वर गेल्यावर त्याने विमान दादाच्या हाती दिलं. आणि आमच्या दादाने काय करावं? घरच्यासारखी नजर काट्यांना चिकटवली. उंचीचा काटा, वेगाचा काटा, पुन्हा उंचीचा. विमान जरा खाली बसलं की दचकायचा. घरची खुर्ची कधी अशी हललीच नव्हती ना. "काका, मीटर छोडो, बाहर देखो," तो तरुण सांगून थकला. शेवटी त्याने डोक्यावरची टोपी काढून काट्यांसमोर धरली. तर दादा टोपीकडेच बघत बसला! मला हसू आवरेना.

उतरल्यावर त्याचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं. "सुजे, बाहेर बघायचं राहूनच गेलं गं." घरी येईपर्यंत तो विचारत होता, वरून कसं दिसत होतं? मी सांगितलं, नदी होती, शेतं होती, आपल्या विमानाची सावली खाली पळत होती. "सावलीपण?" एवढंच म्हणाला. पावसाळा संपला की पुन्हा जायचं ठरलं. तेव्हापासून तो स्क्रीनवरचे काटे पुठ्ठ्याने झाकून सराव करायचा. सवय मोडतोय, म्हणायचा. पावसाळा संपला आणि दादाच गेला... किती साधं मागणं होतं त्याचं! तेवढंही मिळू नये, याचा मला अजून राग येतो, आणि मग रडू येतं.

परवा वहिनीबरोबर खोली आवरायला घेतली. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून दादाने खिडकीला जीन्सचं जाड कापड ठोकून ठेवलं होतं. ते काढलं तसं खोलीभर ऊन आलं. समोर मलंगगडाचा डोंगर स्वच्छ दिसत होता. मी दादाची खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि म्हटलं, "आता तरी बघ ना रे..."