चेंबरचा ताप

१९७४ साली तासगावात बिराप्पाइतका ट्रकला जीव लावणारा दुसरा माणूस नव्हता. ट्रक लष्कराच्या लिलावातला, म्हातारा. द्राक्षांच्या पेट्या मिरज स्टेशनात पोचवायच्या एवढंच त्याला काम. पण अर्ध्या वाटेत इंजिनातलं ऑइल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि ऑइलच्या दाबाचा काटा खाली बसायचा. मग बिराप्पा ट्रकखाली सरपटायचा, इंजिनच्या बुडाचं ऑइलचं चेंबर उलट्या हातानं चाचपायचा आणि तापलेल्या लेकराला ठेवावी तशी ओल्या फडक्याची पट्टी त्याला लावून पडून राहायचा.

एकदा पेट्या उतरवून तो परत निघाला आणि मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यासमोरच काटा बसला. बिराप्पा फडकं घेऊन खाली शिरला. पाय तेवढे बाहेर. सावलीत त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुणीतरी पाय धरून त्याला ओढत होतं. दोन वॉर्डबॉय, स्ट्रेचर आणि भोवती ही गर्दी.

"हलू नका," एक वॉर्डबॉय म्हणाला. "चाक कुठनं गेलं?"

"चाक कुटं जातंय? हाय की जाग्याव. मला काय झाल्यालं न्हाई. ताप हिला हाय," बिराप्पानं ट्रककडं बोट दाखवलं.

"डोक्याला लागलंय," दुसरा हळूच म्हणाला आणि दोघांनी त्याला उचलून स्ट्रेचरवर घातलं.

बिराप्पा टुणकन उडी मारून केबिनमध्ये चढला तो थेट कुपवाडला सिकंदर मिस्त्रीच्या दारात थांबला.

सिकंदर ट्रकखाली गेला आणि त्यानं चेंबरवर बोट रुतवून बघितलं.

"हे कवा धुतलंवतंस?"

"कशाला धुवायचं? माती हाय म्हून दगूड लागत न्हाई."

"आरं गड्या, चार बोटं चिखल बसलाय. चेंबरला वारं लागलं तर ऑइल निवणार. तू गाडीला वाकळ पांघरवतोस आणि वरनं पट्टी ठिवतोस व्हय?"

सिकंदरनं खुरप्यानं दोन पाट्या चिखल खरवडला आणि चेंबर रॉकेलनं पुसून लख्ख केलं. तासगावापर्यंत काटा खाली बसला नाही. बिराप्पा वाटेनं शीळ घालत आला.

दिवेलागणीला घरी पोचला, तर दारात माणसंच माणसं. पुढं शेजारचा नानासो पाठमोरा उभा होता.

"कोण गेलं रं?" बिराप्पानं विचारलं.

"बिराप्पा," नानासो मागं न बघता म्हणाला. "मिरजंत ट्रकखाली गावला. यष्टीतनं येताना गावच्या माणसांनी त्येचं पाय बघितलं."

"आरारा," बिराप्पा हळहळला. "लय वाईट झालं."

मग त्याच्या ध्यानात आलं.

गर्दीतून वाट काढत तो उंबऱ्यापाशी गेला. बायको रंगूबाई त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुमी मेलासा म्हनं," ती म्हणाली.

"न्हाई. कुपवाडला गेलतो."

तोवर न रडलेली रंगूबाई आता मात्र ढसाढसा रडली, आणि रडता रडताच तिनं त्याला पोटभर शिव्या दिल्या. शेजारणींनी दुःखाच्या घरासाठी पिठलं-भाकरी करून आणली होती. ती माघारी कशी न्यायची, म्हणून सगळी आळी तिथंच जेवायला बसली. सगळ्यात जास्त जेवला तो बिराप्पाच.