भिंतीशी बोलणारी लीला

लीला गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावाने शाळेत येऊन सांगितलं. मी नववीच्या वर्गावर होते. तो दारातच उभा राहून म्हणाला, "शरूताई, आमची ताई गेली... विषमज्वर होता." या गोष्टीला आता महिना होईल. तेव्हापासून जो भेटतो तो एकच सांगतो, किती सोशिक होती हो, कधी चकार शब्द काढला नाही! ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी नौपाड्यात एकाच आळीत वाढलो. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती आणि आम्ही मॅट्रिकला होतो. लीलाचा मोठा भाऊ मॅट्रिकला आपटला, तेव्हापासून तिचे वडील, अण्णा, जेवताना, उठता-बसता तिला बजावत, "आता तूच काय ते आमचं नाव काढ." पोरगी हुशार होती, पण प्रिलिम जवळ आली तसे तिचे हात गार पडायला लागले. छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, पेपरातली अक्षरं नाचायची. एकदा वर्गातच तिला असं झालं, तेव्हा आमच्या गणिताच्या बाई आम्हा दोघींना मागच्या ओसरीवर घेऊन गेल्या. बाई बोलायला फटकळ.

"घाबरलीस ना? मग तसं म्हण की! मी घाबरले, माझे हात गार पडलेत, जे होतंय ते मोठ्याने सांग. मनात कोंडून ठेवलंस तर वाढेल. आणि श्वास हळू सोड, गरम दूध फुंकतो तसा."

"पण सांगू कोणाला, बाई? घरी कोणाला ऐकायला वेळ नाही."

"मग भिंतीला सांग. भिंत काही उलटून बोलत नाही."

लीला खुदकन हसली. त्या दिवसापासून ती रोज परसात धुणं धुता धुता भिंतीकडे तोंड करून बोलायची. "मला अण्णांची भीती वाटते. मला दादाचा राग येतो, तो नापास झाला आणि भोगते मी." मी कुंपणापलीकडून ऐकायची आणि मला गंमत वाटायची. पण गुण आला हो! प्रिलिमला ती वर्गात पहिली आली आणि पेपर लिहून बाहेर पडली तेव्हा तिचे हात चांगले ऊन होते, मी स्वतः धरून पाहिले.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या आत्याने तिला परसात पाहिलं. "अगं बाई, पोर भिंतीशी बोलतेय!" झालं. दृष्ट काढली, अंगारा लावला, मग डॉक्टरांना बोलावलं. इतके दिवस ती गुदमरत होती तेव्हा कोणाला डॉक्टर आठवला नाही, बरी झाली तेव्हा आठवला. त्यांनी नाडी पाहिली आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, हा हिस्टेरिया, अभ्यासाचा ताण बंद करा आणि लग्न उरकून टाका, संसाराला लागली की आपोआप ताळ्यावर येईल. बाई समजावायला घरी गेल्या. अण्णांनी त्यांना बसायला पाट दिला, सरबत दिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवा. मुलीचं आम्ही बघू." कोणी दुष्ट नव्हतं त्या घरात, सगळे तिच्या भल्याचंच बघत होते, आणि माझी चीड तीच आहे. मार्चमध्ये मी परीक्षेला बसले. त्याआधीच लीला कल्याणला सासरी गेली होती. निघताना आईने तिला शपथ घातली की तिथे असलं काही करायचं नाही, मुलगी वेडी आहे असं कळलं तर आमची अब्रू जाईल.

मी अधूनमधून कल्याणला जायची. नवरा भला माणूस, सासूही बरी. लीला सारखी हसायची. एकदा मी हळूच विचारलं, "बोलतेस की नाही गं अजून?" तिने दाराकडे पाहिलं. "इथे सगळी लाकडी फळकुटं, शरू. पलीकडे जाऊबाई झोपतात..." मग ती पुन्हा हसली आणि मला पोहे वाढायला लागली.

तेराव्यानंतर मी कल्याणला भेटायला गेले तेव्हा लीलाच्या जाऊबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "गुणी होती हो. एकच खोड. दुपारी आम्ही आडव्या झालो की ही आपली स्टो पेटवून त्याच्यापाशी बसायची. वर भांडं नाही, काही नाही! नुसतं रॉकेल जाळायचं. विचारलं की म्हणायची, चुकलं."

काय काय सांगितलं असेल तिने स्टोच्या त्या आवाजाच्या आडोशाला... मी म्हटलं, "जरा पेटवता का?" मला चहा हवा असेल असं वाटून त्यांनी पातेलं पुढे ओढलं. "नको, तसाच पेटवा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण त्यांनी पंप मारला. स्टो भर्रकन पेटला, आवाज चढत गेला. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि अगदी मोठ्याने म्हणाले, "मला राग आलाय. तुम्हा सगळ्यांचा राग आलाय."

जाऊबाई हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी कानामागे हात धरला आणि विचारलं, "काही म्हणालात?"