मामा, तुवालो आणि कंप्रेसर

माझ्या बायकोच्या मामांइतका घाबरट माणूस सबंध डिचोली तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि कोणी शोधायला निघालंच, तर मामा त्याला आधी टायरांतली हवा बघून घ्यायला लावतील. कारापूरहून साखळीच्या बाजारात जायचं तरी वाटेत टायर बसेल, या धास्तीनं त्यांनी हवा भरायचा छोटा कंप्रेसर घेतला. बॉनेट उघडायचं, तांबडा चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला, आणि ठिणगी उडेल म्हणून मामींना पार तुळशीपाशी पिटाळायचं. इंजिन चालू ठेवूनच हवा भरा, नाहीतर बॅटरी उतरेल, असं मेकॅनिकनं बजावलं होतं. पण मामांना इंजिनाच्या पंख्याचं त्याहून मोठं भय. "माझो तुवालो पंख्यात गेलो मगे?" ते डोक्याचा टॉवेल सावरत म्हणत. "मग तो काडून ठेवा," मामी म्हणत. "आणि कानात वारो गेलो मगे?" इंजिन बंदच राही.

त्या सकाळी आम्ही तिघं हरमलला त्यांच्या लेकीकडे निघालो होतो. पल्ला लांबचा, म्हणून मामांनी चारही टायर भरले, स्टेपनी भरली, आणि तरी जिवाला चैन पडेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इतक्यात तुळशीपाशी मामी मटकन खाली बसल्या. "माका कसातरीच होता," एवढंच म्हणाल्या. कपाळावर घाम, हात छातीवर. आम्ही त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, मी चावी फिरवली, आणि गाडी नुसती कटकट करून थांबली. सगळी बॅटरी टायरांत गेली होती. शेजाऱ्यांच्या गाड्या कामावर गेलेल्या, ॲम्ब्युलन्सवाला फोनवर नुसता "येतो, येतो" म्हणतोय, आणि मामींचे ओठ पांढरे पडत चाललेले. मामांकडे बघायचं धाडस होईना.

पण हर्निया होईल म्हणून कधी नारळाचं पोतं न उचललेला तो माणूस मागे जाऊन गाडीला खांदा लावून उभा होता. "दुसरो गियर घाला!" ते ओरडले. गाडी उतारावर गडगडली, मी क्लच सोडला, आणि एक आचका देऊन इंजिन सुरू झालं. मामांना घ्यायला मी वेग कमी करतोय तोच मागून आरोळी आली, "थांबू नकात, जावयबापू! बंद पडतली! तिका घेवन जावा!" आरशात ते अनवाणी धावताना दिसत होते. तुवालो कुठे पडला कोण जाणे.

वेळेत पोचलो, म्हणून मामी वाचल्या. ज्या स्कूटरला मामा जन्मभर यमाचं वाहन म्हणत आले, तिच्यावर कोणाच्या तरी मागे बसून ते इस्पितळात आले, आणि दिवसभर एकच म्हणत राहिले, "मीच उतरयलंय ती बॅटरी."

आता ते इंजिन चालू ठेवून हवा भरतात. डोक्यावर तुवालो नसतो. मामी ड्रायव्हरच्या जागी बसतात, हात चावीवर. उघड्या बॉनेटमुळे त्या दिसत नाहीत, म्हणून मामा सारखे विचारतात, "आसंस मगे?" आतून उत्तर येतं, "आसंय, आसंय." परवा मी तिथेच होतो. मामांनी विचारलं, आणि उत्तर आलं नाही. मामांनी कंप्रेसर बंद केला. "आसंस मगे?"

"आसंय हो. भरा तुम्ही हवा."

मामांनी परत कंप्रेसर लावला. चारही टायर केव्हाच गच्च भरलेले होते.