अक्कांचा कॉम्प्युटर आणि सातपुड्यातलं माकड

दुरुस्तीच्या दुकानाचं एक असतं. मशीन बरी होऊन घरी जाते, पण तिच्याबरोबर आलेली गोष्ट दुकानातच राहते. आमच्या जळगावच्या दुकानात जुन्या रॅमच्या पट्ट्या एका बरणीत भरून ठेवल्यात. गोष्टींना बरणी कुठून आणायची? माझा पार्टनर प्रकाश म्हणतो, "दिलीपभाऊ, तुमच्या गोष्टी दर वर्षी फुगतात. बरणीत मावायच्या नाहीत." प्रकाश धुळ्याचा, देवपूरचा. तो खरं बोलतो, मी जरा सजवून बोलतो. दोघं मिळून दुकान चालतं.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक जुन्या कॉम्प्युटरची. नव्याला काही दुखत नाही, आणि दुखलंच तर कंपनीवाले येतात. जुन्याचा रोग ठरलेला. स्क्रीनवर एक चौकोन येतो: मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा. या एका चौकोनावर आमची दोन घरं अठरा वर्षं जेवताहेत. हात जोडावेत असा चौकोन!

*

बोदवडचे एक आबा आहेत. ते फोनवरच ओरडत होते.

"दिलीपभाऊ, मेमरी कमी आहे म्हणतंय, म्हणून मी पुसत सुटलो! गाणी पुसली, पत्रं पुसली, पोराच्या लग्नाचे फोटो पुसले. तरी तेच म्हणतंय! आता काय पुसू?"

"आता फक्त चष्मा पुसा, आबा. मी येतोय."

घरी गेल्यावर आबांना आधी स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, "ही कोठी, म्हणजे हार्डडिस्क. इथं वर्षाचे गहू. आणि हा ओटा, म्हणजे मेमरी. इथं आजच्या स्वयंपाकाला लागेल तेवढंच. ओट्यावर जागा नाही, म्हणून तुम्ही कोठीतले गहू फेकलेत!"

पोळी लाटता लाटता काकूंनी विचारलं, "फोटो परत येतील का हो, भाऊ?"

"येतील काकू. कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यात आहेत अजून."

"मग राहू द्या ना तिथंच. त्या साडीत मी फार जाडी दिसते!"

*

प्रकाशच्या देवपूरच्या मामांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की मामा बटण दाबून पांझरा नदीपर्यंत फिरून यायचे. हे मी सजवलेलं नाही. येताना भाजी आणायचे, एवढंच सजवलंय.

प्रकाशनं उघडून बघितलं तर आत चार अँटिव्हायरस! मामा-भाच्यांची अहिराणी सुरू झाली.

"मामा, चार कसाले?"

"एखादा झोपी गया ते दुसरा जागा नको का?"

"मामा, चारी वॉचमन एकमेकासनी झडती ली ऱ्हायनात, अन् घरमालक बाहेर उभा शे!"

तीन वॉचमन काढले. कॉम्प्युटर दोन मिनिटांत सुरू व्हायला लागला. महिन्याभरानं मामींचा फोन आला, "प्रकाश, ते जुनं परत बसाडी दे. तुना मामा फिराले जात नही, दिवसभर घरमाच शे!"

*

पण पहिलं गिऱ्हाईक ते पहिलंच. सावद्याच्या अक्का.

अक्कांनी आयुष्यभर चौथीचा वर्ग शिकवला. मलाही शिकवलं. मी दुकान उघडलं तेव्हा पाटीचा रंग ओला होता, आत एक टेबल होतं आणि टेबलामागं मी. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. आठव्या दिवशी अक्का एसटीनं आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दिल्या, एक कॉम्प्युटर दे."

"कोणता देऊ, अक्का?"

"तू जोडलेला दे."

माउस कुठल्या हातात धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं. मी जोडलेला पहिला कॉम्प्युटर त्या घेऊन गेल्या आणि मग ओळखीच्या सगळ्या मास्तरांना माझ्याकडे पाठवत राहिल्या. माझं जे काय उभं राहिलं ते त्या डब्यापासून. म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना मी एकदा तरी "आता नवा घ्या" म्हणतो, अक्कांना मात्र अठरा वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही.

अक्कांचं आणि माझं आणखी एक नातं आहे. माकडाचं.

चौथीत असताना शाळेत पृथ्वीचा नवा कोरा गोल आला. दोन दिवसांत तो माझ्या पायानं फुटला. पायानं, कारण तोवर आमच्या वर्गात फुटबॉल आला नव्हता! तुकडे शाळेमागच्या केळीच्या बागेत पुरले आणि अक्कांना सांगितलं, "सातपुड्यातून एक माकड आलं आणि गोल घेऊन गेलं."

अक्कांनी उचललेली छडी तशीच धरून ठेवली. म्हणाल्या, "मग?"

"मग ते झाडावर चढलं."

"मग?"

असं करता करता घंटा झाली आणि मार राहून गेला. तेव्हापासून अक्का भेटल्या की पहिला प्रश्न, "दिल्या, माकडाची काही खबर?" आणि मी पुढचा भाग सांगतो. अडतीस वर्षांत माकडाचं लग्न झालं, त्याला नातवंडं झाली, आणि आता ते सातपुड्यात पालच्या जंगलात गोल फिरवून माकडांच्या पोरांना भूगोल शिकवतं. अक्का सगळं मन लावून ऐकतात. एवढी हुशार बाई, पण भोळी!

*

यंदा मे महिन्यात अक्कांचा फोन आला. "दिल्या, चौकोन आला."

गेलो. बघतो तर स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर पंगत बसलेली! सव्वीस खिडक्या उघड्या. त्यात चार कॅल्क्युलेटर!

"अक्का, काम झालं की बंद का करत नाही?"

"अरे, आपल्या घरी आलेल्याला जा कसं म्हणायचं? मी त्यांना खाली बसवून ठेवते."

"अक्का, ओटा भरलाय. पाहुण्यांनीच ओटा भरला तर स्वयंपाक कुठं करणार? जा म्हणू नका. आधी सेव्ह करा, म्हणजे त्यांचा चहा झाला. मग निरोप द्या."

हे अक्कांना पटलं. एकेक खिडकी बंद करताना त्या हळूच म्हणत होत्या, "या हं पुन्हा." चौथ्या कॅल्क्युलेटरला मात्र म्हणाल्या, "तू आता लवकर येऊ नको."

सगळे पाहुणे गेल्यावर त्यांनी मला खरं दुखणं सांगितलं. तीन वर्षं त्या एकच फाइल टाइप करत होत्या. चौथीत शिकून गेलेलं एकेक पोर, त्याचा फोटो आणि खाली त्याच्याविषयी चार ओळी. एका पोराला एक पान, अशी साडेतीनशे पानं! महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या पोरांना त्यांनी शाळेत बोलावलं होतं. ज्याचं पान त्याच्या हातात द्यायचं होतं. आणि आता फाइल साठाव्या पानापर्यंत येऊन अडकत होती, चौकोन दाखवत होती.

"पुन्हा टाइप कर म्हणू नको, दिल्या," अक्का म्हणाल्या. "तेवढे डोळे आता माह्याजवळ राहिले नाही."

अक्कांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "रविवारी पानं हातात असतील." छातीठोक म्हटलं. घाम मात्र उन्हाचा नव्हता.

*

तीन दिवसांनी पुन्हा फोन. आता तर फाइलचं पहिलं पानही उघडेना!

जाऊन बघतो तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ओलं गोणपाट गुंडाळलेलं. माठावर गुंडाळतात तस्सं, आणि वरून पाणी शिंपडलेलं! हे काम नानांचं. नाना म्हणजे अक्कांचे यजमान, केळीवाले. शाळेमागची ती केळी यांचीच.

"नाना, हे काय केलं?"

"अरे, डबा तापू राह्यला होता. एवढ्या उन्हात आपण केळीच्या घडालेही झाकतो. हा तर अक्काचा डबा!"

डबा उघडला. आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या. त्यातल्या एकीच्या तांब्याच्या दातांवर ओल बसली होती, म्हणून मशीनला एकच पट्टी दिसत होती. ओटा अर्धा झाला होता! मी अक्कांकडे खोडरबर मागितलं. कॉम्प्युटर दुरुस्तीतलं सगळ्यात मोठं औषध खोडरबर आहे, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगत नाही. अक्कांनी शाळेतल्या डब्यातलं काढून दिलं. मी पट्टीचे दात घासले, फुंकर मारली, पट्टी खटकन बसवली. दोन्ही पट्ट्या दिसायला लागल्या.

नाना सगळं बारकाईनं बघत होते. म्हणाले, "म्हणजे पाण्याचा घोटाळा. मग कोरडं गोणपाट चालेल ना?"

*

पहिलं पान उघडलं, पण साठाव्याला गाडी पुन्हा अडली. शुक्रवार आला. म्हटलं, "अक्का, फाइल पेनड्राइव्हवर द्या. दुकानातल्या मोठ्या मशीनवर करून आणतो."

"नाही. रस्त्यातच वाचशील."

"मी, अक्का?"

"तूच!"

ज्याचं त्याच्याआधी कुणी वाचायचं नाही, हा अक्कांचा नियम होता. मग नानांनी स्क्रीनवर वर्तमानपत्र चिकटवलं. मेनूची वरची पट्टी तेवढी उघडी ठेवली. शेजारी अक्का बसल्या, हातात फूटपट्टी. अठरा वर्षांत मी बंद पडलेल्या मशीन दुरुस्त केल्यात, जळलेल्या केल्यात, एकदा उंदरानं आत संसार मांडलेली केलीय. पण बुरख्यातली मशीन पहिलीच!

आधी सेटिंगमध्ये जाऊन हार्डडिस्कवर जादा जागा राखून दिली. म्हणजे ओटा भरला की कोठीत पाट मांडून बसता येतं. काम रेंगाळतं, पण अडत नाही. मग फाइलचा आकार बघितला आणि डोळे फिरले. साडेतीनशे पानांत एवढं काय भरलंय?

"अक्का, फोटो कसे टाकले?"

"दर वर्षीच्या वर्गाचा फोटो भिंतीवर आहे. जवळून मोबाइल धरला की धूसर येतो. म्हणून लांबून अख्ख्या वर्गाचा काढते आणि कॉम्प्युटरवर कडा कापून एकाच पोराचा चेहरा ठेवते. पुढच्या पोराला पुन्हा नवीन फोटो."

तेव्हा उलगडलं. कडा कापल्या तरी कापलेलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. "अक्का," मी म्हटलं, "तुमच्या एकेका पोरामागं अख्खा वर्ग लपून बसलाय! तो सगळा भार ओट्यावर येतोय."

अक्कांना जराही नवल वाटलं नाही. "मग? एकटं पोर माझ्या वर्गात कधी बसलंय का?"

झाकलेलं कायमचं काढून टाकायचं बटण असतं. मी विचारलं, "मागची पोरं काढू?" मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच राहतील, हे अक्कांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "काढ. मशीनमधूनच जाताहेत ना."

बटण दाबलं. वर्तमानपत्रामागं काय चाललंय ते दिसेना. डबा घरघरत होता. नाना पंख्याचं तोंड डब्याकडे करून बसले. मी देवाचं नाव घेतलं, आणि घेऊन झाल्यावर प्रकाशचंही घेतलं. अर्धा तास गेला. फाइल सेव्ह झाली. बंद केली, पुन्हा उघडली. एका दमात तीनशे पन्नासावं पान! चौकोन नाही!

मी वर्तमानपत्राचा कोपरा जरासा उचलला. फूटपट्टी टेबलावर सटकन आपटली.

"रविवारी, दिल्या!"

*

शनिवारभर अक्कांच्या घरी प्रिंटर चालला. शाई ओली राहू नये म्हणून नानांनी पानं गच्चीवर खाटांवर पापडासारखी वाळत घातली, आणि उडू नयेत म्हणून एकेका पानावर कच्चं केळं ठेवलं. हे सजवलेलं नाही. माझ्या पानाला अजून चीक लागलेला आहे, दुकानात या, दाखवतो.

रविवारी आम्ही सगळी पोरं चौथीच्या वर्गात आणि मावलो नाही ती बाहेर अंगणापर्यंत सतरंज्यांवर बसलो. पोरं म्हणजे कुणाला टक्कल, कुणाला सून. मांडी घालायला वेळ लागत होता, पण कुणी खुर्ची मागितली नाही. शेजारी बसलेल्या वर्गमित्राला मी माकडाचा ताजा भाग सांगत होतो. माकडानं आता जिल्हा परिषदेकडे नव्या गोलाची मागणी केलीय, इथवर आलो होतो.

अक्कांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव आलं की उठायचं, "हजर" म्हणायचं, पान घ्यायचं. पान वाचून कुणी हसत होतं, कुणी चष्मा काढून पुसत होतं. दारात नाना उभे होते.

"दिलीप."

"हजर!"

पान घेतलं. वर नऊ वर्षांचा मी, तेल लावून चोपलेले केस. खाली लिहिलं होतं:

"पृथ्वीचा गोल यानंच फोडला. तुकडे दुसऱ्या दिवशी आमच्याच केळीत सापडले. म्हटलं, याची गोष्ट संपली की मारू. अजून संपलेली नाही."