उबवणीचं कपाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. हाही भित्रेपणाच, नाही का? जिला सांगायला हवं ती तर माझ्याच घरात राहते, भिंतीपलीकडच्या खोलीत.

ती म्हणजे रेखा, माझी धाकटी जाऊ. मला ताई म्हणते. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बुलढाण्याचे, अकोल्याचे सगळे दवाखाने करून झाले. गावात तिला तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली, की बायकांचा हात तिच्या अलीकडच्या बाईला कुंकू लावतो आणि मग सरळ पलीकडच्या बाईकडे जातो. मधे रेखा बसलेली असते. मी हे पाहत आले होते आणि मला त्याची फार चीड यायची. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

आता कपाटाचं सांगते. आमचं गाव मोताळ्याजवळ. कपाशी, सोयाबीन, घरापुरता भाजीपाला, आणि अंगणात गावरान कोंबड्या. मला पहिल्यापासून खोलाखोलीची खोड. मिक्सर बिघडला, पंखा अडला की घरातले पुरुष मोताळ्याला न्यायच्या गोष्टी करायचे आणि मी तोवर स्क्रू काढून बसलेली असायची. मोबाइलवर कुणीतरी अंडी उबवायचं मशीन घरीच बनवताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात ते बसलं. माझ्या लग्नात माहेरून आलेलं लाकडी कपाट होतं, मागची प्लाय उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लेली. ते रिकामं केलं. आतून थर्माकोल लावला. दोन बल्ब, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा, ओल राहावी म्हणून तळाशी पाण्याचं भगुणं, जाळीचे दोन ट्रे आणि ऊब जास्त झाली की बल्ब बंद करणारा थर्मोस्टॅट. तो तेवढा बाजाराच्या दिवशी मोताळ्याहून आणला. दाराला काचेचा एक तुकडा बसवला, आत डोकावायला. खरं सांगू? ते कपाट पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी त्याच्यासमोर पाट टाकून बसले आणि उठलेच नाही. चहासुद्धा तिथेच मागवला.

आमच्याकडे एक रीत आहे. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती लेकुरवाळीच्या हाताने. तिने पाच अंडी ठेवली की मग बाकीची कुणीही ठेवा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाटापाशी येऊन म्हणाल्या, "पहिले अंडे तू ठेव वो. लेकुरवाळीच्या हातानं ठेवा लागते."

मी हसले. "आत्याबाई, मशीनले काय समजते हात कोणाचा?" म्हटलं, आणि रेखाला हाक मारली. शेजारच्या गोदाकाकू आणि आणखी दोघी-तिघी आपापल्या कोंबड्यांची अंडी घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या देखत मी टोपली रेखाच्या हातात दिली. केवढी मोठी वाटले मी त्या क्षणी स्वतःला! आता विचार करते तर वाटतं, तो मोठेपणा रेखासाठी होता की माझ्यासाठी?

पण रेखाने ते काम इतक्या मायेने केलं. अंडी सकाळ-संध्याकाळ फिरवावी लागतात, एरवी आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. कोणतं फिरवलं ते कळावं म्हणून तिने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला काजळाच्या पेन्सिलने फुली केली, दुसऱ्या बाजूला गोल. शेतातून आली की हात धुऊन आधी कपाटाकडे. आठवडाभराने खोलीत अंधार करून आम्ही मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरलं, तर आत तांबड्या शिरा, आणि मधे एक ठिपका हलत होता. रेखाने माझा दंड घट्ट धरला. "ताई, हालून राह्यलं वो आतमंदी!" म्हणाली. तिला मी इतकं खुललेलं कधी पाहिलं नव्हतं. अंडी फिरवताना ती त्यांच्याशी बोलायची. मला ऐकू येऊ नये इतक्या हळू बोलायची, पण मला ऐकू यायचं.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंडी फिरवायची नसतात, दार उघडायचं नसतं. मीच घरात हुकूम सोडला की आता कपाटाजवळ कुणी फिरकायचं नाही. रेखानेसुद्धा नाही. ती मान हलवून "हाव ताई" म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच संग्रामपूरला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा. थंडीचे दिवस. घरातली सगळी पहाटेच कपाशी वेचायला गेली होती, शेवटची वेचणी. मी एकटीच निघणार. जीप बाहेर हॉर्न वाजवत होती आणि साडीच्या निऱ्या चुरगाळलेल्या. कपाट होतं त्याच खोलीत इस्त्री, आणि त्या खोलीत बोर्ड एकच. मी कपाटाचा प्लग काढला. इस्त्रीचा लावला. साडीवर दोन हात फिरवले. इस्त्रीचा प्लग काढला —

आणि गेले.

हे एवढंच असतं तर मी आज तुम्हाला सांगत बसले नसते. विसरणं माणसाच्या हातून होतं. पुढचं ऐका.

संध्याकाळी तिथे पंगत बसली. माझ्या शेजारी बहिणी, मावश्या. मी मोबाइलवर कपाटाचा फोटो दाखवत होते. हा बल्ब, हा पंखा, हे मी एकटीने केलं. सगळ्या वा वा करत होत्या. एक जण म्हणाली, "साडी बी कशी कडक नेसली वो!" आणि मी निऱ्यांकडे पाहिलं. इस्त्री आठवली. प्लग आठवला.

मोबाइल माझ्या हातात होता. रेखाचं नाव स्क्रीनवर आणलं. एक बटण दाबायचं होतं. "रेखा, प्लग लाव" एवढंच म्हणायचं होतं. पण या सगळ्यांच्या समोर? नुकता फोटो दाखवलेला असताना? आणि तिकडे रेखा आत्याबाईंना विचारणार, आत्याबाई गोदाकाकूंना सांगणार की मशीन करणारीच प्लग काढून नटायला गेली. मी स्वतःला सांगितलं, लाईन तर रोजच दोन-तीन तास जाते, काय होते? थर्माकोल आहे, ऊब धरून राहील. खोटं होतं हे. माझ्याइतकं कुणाला माहीत होतं की पिल्लं आता पूर्ण झाली आहेत, आणि रात्रभराच्या थंडीत ती राहणार नाहीत? मी फोन पिशवीत टाकला. आणि जेवले, पोटभर जेवले. बासुंदी दुसऱ्यांदा घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर कपाट चालू होतं. काचेतून बल्ब दिसत होता. इस्त्री मी जमिनीवर टाकून गेले होते, ती आता फळीवर होती, वायर गोल गुंडाळून वर गाठ मारलेली. आमच्या घरात तशी गाठ फक्त रेखा मारते. सकाळी झाडायला आली असेल, तिने पाहिलं असेल, लावला असेल. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ताई, ते इस्त्रीचं —" म्हणाली. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "थकली वो मी, मंग बोलू," म्हटलं आणि जाऊन पडले. ते 'मंग' कधी आलं नाही. मी येऊ दिलं नाही.

एकही पिल्लू निघालं नाही. आम्ही आणखी दोन दिवस वाट पाहिली. रेखा काचेला कान लावून बसायची. शेवटी अंगणात पोतं टाकून मी अंडी फोडली. आत सगळं होतं. चोच, पाय, ओली पिसं. काही पिल्लांनी मान वळवून चोच कवचाजवळ आणलेली होती. कवचांवर रेखाच्या काजळाच्या फुल्या. ज्यांची अंडी होती त्या बायका भोवती उभ्या होत्या.

"काऊन नाही निघाले वो?" गोदाकाकूंनी विचारलं. "लाईन गेलती काय?"

"लाईन तं हालली नाही त्या दिवसाइले," दुसरी म्हणाली. "आमची मोटार चालू होती ना."

"मंग?" गोदाकाकू माझ्याकडे पाहत होत्या. "कोणाचा हात लागे अंड्याले?"

रेखा तेव्हा दारातून चहाचा ट्रे घेऊन येत होती. मला दिसत होती. ती मला दिसत नव्हती, असं म्हणायलाही जागा नाही. आणि मी म्हटलं, "मी काय सांगू आता? अंडे तं रेखाच फिरवे."

एवढंच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं, बघा. अंडी तीच फिरवायची. मी वांझ म्हटलं नाही, कुणीच म्हटलं नाही. गोदाकाकूंनी फक्त "अस्सं" केलं आणि पदर सावरला. आत्याबाई पुटपुटल्या, "मी पहिलेच सांगतलं होतं." रेखाने ट्रे ओट्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. प्लग कुणी काढला आणि कुणी लावला हे त्या अंगणात आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी वाट पाहत होते की ती आता बोलेल. तिने बोलायला हवं होतं, मी खोटी पडायला हवी होते. ती एकेकीला कप देत गेली. मलाही दिला. साखर बरोबर माझ्या चवीची.

तो चहा मी प्यायले.

महिन्याभराने मी दुसरी खेप लावली. या वेळी सगळी अंडी मी ठेवली, लेकुरवाळीने. त्या दिवशी सकाळी बोर्डाकडे हात नेला तर कपाटाचा प्लग आधीच लावलेला होता, आणि बोर्डाच्या खालच्या खिळ्याला कापडाच्या चिंधीने घट्ट बांधलेला. कुणाला घाईत उपटता येऊ नये असा. चिंधी हिरव्या ठिपक्यांची होती. ते ब्लाउजपीस मीच तिला संक्रांतीला दिलं होतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, चारचौघांत माझं नाव घेतलं नाही. फक्त पुढच्या पिल्लांची काळजी घेतली.

ती खेप निघाली. चिवचिवाटाने खोली भरली. गल्ली पाहायला आली. गोदाकाकूंनी पिल्लू तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "पाह्य, हात बदलला तं कसे निघाले!" सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्या वेळी नुसता संशय होता, आता त्यांना पुरावा मिळाला. आणि तो मी दिला. चिंधी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, बोट दाखवायचा अवकाश होता. मी पिल्लं मोजायच्या निमित्ताने खाली वाकले.

तेव्हापासून गल्लीत कुणाच्याही घरी कोंबडी बसवायची असली की रेखाला तिथून उठवतात. आता तर उठवावंही लागत नाही, ती आपणच उठते. पापड लाटायला, लोणचं घालायला तिला बोलावणं येत नाही. लोणच्याचा आणि कोंबडीच्या अंड्यांचा काय संबंध, विचारा कुणालाही, सांगता येणार नाही. भाऊजींनी, तिच्या नवऱ्याने, एकदा मला विचारलं, "वहिनी, रेखा काऊन गुमसुम राह्यते आजकाल?" मी म्हटलं, तब्येतीचं असेल. कपाटाच्या खोलीत ती फक्त झाडायला येते. झाडू कपाटाच्या पायापर्यंत आणते आणि तिथून वळवते.

कपाटाला आता गावात नाव आहे. लांबलांबून लोक अंडी घेऊन येतात, मला मशीनवाली ताई म्हणतात. चिंधी विटली, पण मी ती सोडली नाही. तिला हात लावायची माझी हिंमत होत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीचं डोहाळजेवण केलं. पहिलटकरीण, म्हणून आमच्याकडेच. अंगणात मांडव, झोपाळ्याला फुलं. रेखाने चार दिवस आधीपासून स्वतःला कामाला जुंपून घेतलं होतं. लेकीला लहानपणी न्हाऊमाखू घालणारी तीच, वेण्या घालणारी तीच. ओटी भरायची वेळ झाली. बायका एकेक पुढे येऊ लागल्या. लेकीने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आई, काकू कुठीसा आहे?"

मला माहीत होतं कुठे आहे ते. माझ्या घरचा कार्यक्रम, माझी लेक, ओटीचं ताट माझ्या हातात. मी रेखाला हाक मारली असती, तिच्या हातात ताट दिलं असतं, तर कुणाची छाती होती बोलायची? गोदाकाकू समोर बसल्या होत्या. मी ताट पुढच्या बाईला दिलं.

तेवढ्यात रेखाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबली. हाताला कणीक, कपाळावर घाम. लेकीकडे पाहून हसली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, अजून पुऱ्या टाकू काय?"

मी म्हटलं, "टाक."